एलोजीकाकांचा तिसरा तारा

शनिवारी संध्याकाळी नागावात पहिला तारा कोणाला दिसतो असं विचारलं, तर कोणीही सांगितलं असतं, एलोजी तेल्याला. दुसराही त्यांनाच दिसायचा. तिसरा तर आभाळात यायच्या आधीच त्यांना दिसून गेलेला असायचा.

एलोजीकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले यहुदी. तिकडे या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांच्या घरातली चूल विझायची, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत पेटायची नाही. तीन तारे दिसले की शनवार सुटला. मग चूल, मग चहा. आता एलोजीकाकांनी उमेदीची वर्षं पलटणीत काढलेली, आणि पलटणीतून त्यांनी दोनच गोष्टी घरी आणल्या होत्या, एक दुर्बीण आणि दुसरं चहाचं व्यसन. दिवसभर चहाविना राहिलेला माणूस संध्याकाळी आभाळाकडे कोणत्या नजरेनं बघत असेल ते सांगायला नको.

मी त्यांच्या ओटीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले ती मुलींच्या शाळेवरची नवी मास्तरीण म्हणून. गिरगावातली मुलगी मी; माझी कथा इथे नको. रेवसला बोटीतून उतरले, टांग्यात ट्रंक टाकली आणि अंग खिळखिळं करून घेत नागावला पोचले तो नेमका शनिवार होता. ट्रंक उघडतेय तोच अंगणात वादावादी सुरू झाली.

"झाले तीन. चूल पेटव."

"कुटं हायत तीन? मला एकच दिसतोय."

"त्यो बग माडावर. दुसरा विहिरीच्या वर. आनि तिसरा तिकडं, समुद्राच्या अंगाला. पिवळा."

"पिवळा तारा हलतोय कशापायी?"

"वारा हाय."

मग राहेलकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, हाक आली. "मास्तरीणबाई, जरा भाईर या. तुमी शिकलेल्या हाव, आनि तुमाला चहाची घाई न्हाय. तुमीच सांगा, ह्यो तारा हाय का मचव्याचा कंदील?"

मचव्याचाच कंदील होता. मी तसं सांगितलं. नव्या घरमालकाशी पहिलीच ओळख अशी झाल्यावर आता खोली जाते की काय असं मला वाटलं. पण एलोजीकाका मान मागे टाकून इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "बसा मास्तरीणबाई, बसा. येईल फेऱ्यात," ते म्हणाले, आणि स्वतःही पायरीवर बसले. त्या दिवसापासून दर शनिवारी साक्षीला मी. काकूंचा माझ्यावर विश्वास होता, आणि काकांना हरण्यातही गंमत वाटायची.

'येईल फेऱ्यात' हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध. रेवसची बोट चुकली, येईल फेऱ्यात. पोराचा ताप उतरत नाही, येईल फेऱ्यात. पलटणीची वर्षं सोडली तर आयुष्यभर घाण्याच्या फळीवर बसून बैलामागे गरगर फिरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्या फिरण्याचा त्यांच्या चालीवरही परिणाम झाला होता. सरळ रस्त्यानं चालताना ते नकळत डावीकडे डावीकडे सरकत जायचे. टपालकचेरीला म्हणून निघायचे आणि थोड्या वेळानं कोणाच्या तरी वाडीत, सुपारीच्या झाडाशी नाक लावून उभे असायचे. गावातली माणसं त्यांच्याबरोबर चालताना मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला चालत आणि खांद्यानं त्यांना हळूच रस्त्यावर ठेवत. यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

बैलाचं नाव सुभेदार. "पलटनीत सुभेदारानं मला लई फिरवला," काका सांगायचे, "आता मी सुभेदाराला फिरवतो." बैल मोठा शिस्तीचा. डोळ्यांना झापड बांधली आणि फळीवर माणसाचं वजन पडलं की तो चालायला लागायचा, हाकावं लागत नसे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुर्बिणीची हकीकत अशी. पहिल्या मोठ्या लढाईत काका तिकडे इराकात, बसऱ्याकडे होते, एका डॉक्टरसाहेबाच्या दिमतीला. साहेबाला ताऱ्यांचा नाद. वाळवंटातलं आभाळ म्हणजे काय विचारता, काका सांगत, हात वर केला तर चांदण्या बोटांना लागतील. साहेब एकटा बघून कंटाळला की काकांना बोलवायचा. एकदा त्यानं दक्षिणेकडे दुर्बीण लावून एक पांढुरका ठिपका दाखवला, आणि मग पुस्तकातलं त्याचं मोठं चित्र दाखवलं. ते चित्र बघून काका जागच्या जागी उभे राहिले. मधे गरगरीत पांढरं, आणि भोवती वेढे घेत बाहेर पडणाऱ्या धारा. साहेब म्हणाला, हा तेजोमेघ. काका म्हणाले, साहेब, हा घाणा आहे.

"मधी उखळ, मास्तरीणबाई. आनि कडेनं तेल उसळतंय. मी जल्मभर हेच बगितलंय, मला वळखायला येनार न्हाय व्हय? त्यो देवाचा घाना हाय."

साहेब विलायतेला जाताना दुर्बीण काकांना देऊन गेला. तिचे तीन पाय प्रवासात कुठेतरी हरवले, नळी तेवढी नागावला पोचली. आणि तेव्हापासून काकांच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. घाणा आहे म्हणजे फिरत असणारच. आणि फिरत असेल तर कधीतरी तो फिरताना दिसणारच. एकदाच, हातभर का होईना, देवाचा घाणा सरकलेला बघायचा, मग डोळे मिटले तरी चालेल. हा माणूस चहा सोडून आयुष्यात दुसरं काही मागत असलेला मी कधी बघितला नाही.

वैशाख आला की त्यांना भरतं यायचं. त्या दिवसांत जेवणं आटोपेपर्यंत त्यांचा ठिपका दक्षिणेला माडांच्या शेंड्यांवर येतो. मग अंगणात येईल त्याला धरून आणायचं, नळीला डोळा लावायला लावायचा आणि विचारायचं, "दिसतोय?" लोकांना काही दिसत नसे. मलाही पहिल्या वर्षी काळोखाशिवाय काही दिसलं नाही.

"तुमी त्याच्याकडं बगताय, म्हनून दिसत न्हाय," काका म्हणाले. "जरा बाजूला बगा. नव्या नवरीला बगतात तसं, दुसरीकडं बगत."

मी दुसरीकडे बघितलं, आणि खरंच की. थंडीत थिजलेल्या खोबरेलावर बोट फिरवलं की राहतो तसला पुसट डाग, असून नसल्यासारखा. मी एकदम किंचाळले. काकांनी माझ्या पाठीत असा धपका मारला की चष्मा नळीवर आपटला, मग भान येऊन दोन पावलं मागे सरकले आणि पलटणीतला सलाम ठोकला. आत काकू ओरडल्या, आता काय मोडलं म्हणून.

काकू मात्र कधी दुर्बिणीशी आल्या नाहीत. बाई हिशोबाच्या नव्हे पण नियमाच्या एकदम पक्क्या. "वर बगायला येळ कुनाला हाय?" म्हणायच्या. "शनवारी तीन तारे मोजते तेवढं बास." यावर काका खंडाळ्याच्या खडकाचा दाखला द्यायचे. अलिबागजवळच्या त्या खडकावर एलियाहू नबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, नबी तिथूनच आभाळात गेले असं ही मंडळी मानतात. "नबी काय मुंबईहून गेले वर? पुन्याहून गेले? आपल्या हितनं गेले. म्हंजे आभाळ हितनंच जवळ हाय. मग बगायला नको?" यावर काकू भांडी जोरात घासायच्या.

आता पोस्टमास्तरांची गोष्ट. ती नागावात अजून सांगतात, पण मी तिथे होते.

तारा काही एका जागी थांबत नाही. नळीत धरला की पानाचा विडा लावेपर्यंत निसटतो. काकांनी यावर तोड काढली ती फक्त घाण्यावरचा माणूसच काढील. दुर्बीण घाण्याच्या फळीला सुंभानं बांधायची, बैल जुंपून ठेवायचा, आणि तारा सरकला की जीभ टाळ्याला लावून सुभेदाराला अर्धं पाऊल पुढे घ्यायचं. आभाळ फिरतं, घाणाही फिरतो, दोघांची गाठ घालून दिली की झालं. त्यांना ही युक्ती इतकी बिनतोड वाटली की त्यांनी गावातल्या बड्या मंडळींना आमंत्रणं धाडली.

पोस्टमास्तर आले, शाळेचे हेडमास्तर आले, वाड्यांची चार मालक मंडळी आली. पोस्टमास्तर हे मोठं वजनदार प्रस्थ, सगळ्याच अर्थांनी. त्यांचा मान पहिला. काका उभ्यानं वाकून बघत, पण पोस्टमास्तरांसारख्या माणसानं चारचौघांत वाकायचं कसं? त्यांनी धोतर सावरलं आणि फळीवर ऐसपैस बसून नळीला डोळा लावला.

सुभेदाराच्या डोळ्यांना झापड होती. फळीवर वजन पडलं. आणि साधंसुधं नव्हे, एवढं वजन त्याच्या नोकरीत कधी पडलं नव्हतं. म्हणजे आज काम मोठं आहे असं समजून तो नेहमीपेक्षा झपाट्यानं निघाला.

पहिल्या फेऱ्यात पोस्टमास्तरांनी फळी घट्ट धरली. दुसऱ्या फेऱ्यात म्हणाले, "अहो एलोजी, दिसतंय. पुष्कळ दिसतंय." तिसऱ्या फेऱ्यात त्यांची टोपी विहिरीत गेली. "फिरतंय हो," ते ओरडू लागले, "सगळं फिरतंय. माड फिरतायत, तारे फिरतायत, थांबवा कोणीतरी." हेडमास्तर बैलाच्या मागे धावत होते, मालक मंडळी हेडमास्तरांच्या मागे, आणि मी ओटीच्या खांबाला मिठी मारून हसू दाबत होते. बैल थांबवायची खूण फक्त काकांना ठाऊक. पण काका होते कुठे? ते पोस्टमास्तरांच्या बरोबरीनं फेर धरून पळत होते आणि विचारत होते, "कोनच्या अंगाला फिरतोय, सायेब? डाव्या का उजव्या?"

शेवटी काकूंनी पदर खोचला, पुढे होऊन सुभेदाराची झापड काढली आणि तो थांबला. पोस्टमास्तरांना उतरवून बाजेवर आडवं केलं. त्या काळी तेल्याच्या घरचं पाणी घ्यायला त्यांची जात आडवी यायची, पण शहाळ्याला जात नसते, तेव्हा दोन शहाळी त्यांच्या पोटात गेली. तिसरं फोडताना ते क्षीण आवाजात म्हणाले, "मी तो फिरताना बघितला बरं का, एलोजी." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते विनोद म्हणून घेतच ना. पुढे कितीतरी दिवस ते ज्याला त्याला सांगत, आपल्या गावात एकच नशीबवान माणूस आहे.

शाळेत एक मासिक यायचं. त्यात एकदा या तेजोमेघांवर लेख आला. मी मधल्या सुट्टीत धावत घरी आले आणि काकांना वाचून दाखवला. हे ढग नव्हेतच, प्रत्येक म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी वेगळी आकाशगंगा, अगणित सूर्यांची, कल्पनेपलीकडे लांब, असं आता विद्वानांनी ठरवलं आहे. काका फळीवरून उडी मारून उतरले आणि अंगणात नाचले. साठी ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून गोल गोल नाचत होता. आळीतल्या पोरांना घाण्यातलं खोबरं वाटलं. "आनि फिरन्याचं? फिरन्याचं काय लिवलंय?" त्यांनी मला विचारलं.

पुढच्या पानावर तेही लिहिलं होतं. मी पान उलटलं नाही. शाळेची वेळ झाली म्हणून उठले.

संध्याकाळी काकूंना चुलीपाशी सांगितलं. त्याचा एक फेरा व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. माणसाच्या आयुष्यात तो केसभरही सरकलेला दिसायचा नाही.

काकू भाकरी थापायच्या थांबल्या. "सांगू नका त्यांना," म्हणाल्या. "दर वैशाखाला हा मानूस पुन्यांदा ज्वान व्हतो. माजं तेवढं नुकसान करू नका."

मी सांगितलं नाही. सांगितलं काकूंनीच, आणि तेही भांडणात.

पुढच्याच वैशाखातली गोष्ट. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत काकांनी दुर्बीण ओटीच्या खांबाला नेमकी रोखून बांधून ठेवली. शनवार लागल्यावर हात लावायचा नाही, पण ठिपका आपल्या पायानं नळीसमोर आला तर बघायला काय हरकत, असा त्यांचा कायदा. त्या रात्री त्यांनी मनसोक्त बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं पायरीवर ताऱ्यांची वाट बघत बसलो होतो, आणि काकूंचं रात्रीपासून साठलेलं बाहेर पडलं.

"देवाचा घाना, देवाचा घाना. शनवारी फिरतो का तुमचा देवाचा घाना?"

काका गडबडले. हा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. "फिरत असंल," म्हणाले.

"देवानं सातव्या दिशी काम थांबवलं. आपला बैलबी शनवारी जुंपत न्हाय. आनि देवाचा घाना फिरतो? मग त्यो देवाचा कसा?"

एवढा उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. हातातली तपकिरीची डबी ते नुसतीच उघडझाप करत राहिले. चिमूट काही घेईनात. मला राहवेना, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंच्याच तोंडून निघून गेलं. "अवो, त्यो फिरतच न्हाय. मास्तरीणबाईंच्या पुस्तकात हाय. एका फेऱ्याला कोटी कोटी वर्सं लागतात. तुमच्या जल्मात त्यो हलायचा न्हाय."

बोलल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

ते समोरच्या घाण्याकडे बघत बसले. फळी रिकामी होती, सुभेदार गोठ्यात बसून रवंथ करत होता, उखळावर पोतं झाकलेलं होतं. शनिवारचा घाणा. मला वाटलं, संपलं. आता हे कधी दुर्बिणीकडे जाणार नाहीत, आणि याला कारण माझं मासिक.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून मी उठले, तर ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, पायरीवरून घसरत.

"राहेल," ते म्हणाले, "अगं, म्हंजे त्याचा शनवार अजून सुटला न्हाय."

काकूंनी तोंडाशी नेलेला पदर सोडला.

"मी येड्यासारका त्याला चालताना बगायला जातो दरसाल. त्यो बंद हाय. बैल सोडलाय, वर पोतं टाकलंय आनि देव पायरीवर बसलाय. आपन जल्मलो त्याच्या शनवारात, मरनार बी त्याच्या शनवारात. कोटी वर्सांचा शनवार, राहेल! येवड्या मोठ्या सुट्टीत आपल्याला हितं बसायला मिळालंय, आनि तू चहाचं आधन कवा ठेवू म्हनून तारे मोजतेस."

"मी मोजते?" काकू म्हणाल्या. "मी?" आणि त्याही हसायला लागल्या. मग त्या उठून, आयुष्यात पहिल्यांदा, दुर्बिणीकडे गेल्या. तिला हात न लावता, हात पाठीमागे बांधून, त्यांनी डोळा लावला. अजून उजेड होता, दिसलं काहीच नसणार. "निवांत हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

माझी बदली पुढे पनवेलला झाली. पाच-सहा वर्षं जाणं झालं नाही. काका आजारी आहेत असं कळलं तेव्हा गेले. गिरणीचं तेल डब्यांतून गावोगाव यायला लागलं होतं, घाण्यावर कोंबड्या बसत होत्या, सुभेदार आधीच गेला होता. काकांचं अंग निम्मं झालं होतं, पण मला बघून त्यांनी सलाम ठोकला, आणि पोस्टमास्तरांची गोष्ट मला पहिल्यापासून सांगितली, मी तिथे नव्हतेच असं धरून. दिवस शनिवारचा होता. ऊन उतरल्यावर त्यांना आम्ही दोघींनी धरून पायरीवर आणून बसवलं. चालताना ते डावीकडे झुकत होते. मी त्या बाजूला होते, खांद्यानं सांभाळलं.

काकू आत गेल्या. काका वर बघत बसले. अंधार पडला, माडांच्या झावळ्या काळ्या झाल्या. पहिला तारा आला, दुसरा आला, मग एकदम खंडीभर आले. आभाळ नुसतं फुलून गेलं. मी वाट बघत होते, आता हाक मारतील, आता चूल पेटव म्हणतील. त्यांनी हाक मारली नाही.

"किती झाले वो?" आतून काकूंनी विचारलं.

"दोन," काका म्हणाले.

"मास्तरीणबाई," काकूंची सवयीनं हाक आली, "तुमी सांगा. किती हायत?"

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दुसरीकडे बघत होते, दक्षिणेकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मचव्याचा कंदील तारा म्हणून खपवतानाचं तेच हसू होतं.

"दोनच दिसतायत, काकू," मी म्हटलं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी वर सगळ्या आभाळावरून नजर फिरवली. मग नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. लुगडं सावरून त्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "दोनच हायत."